एका पिशवीवर दोन नावे

नाना,

आपल्या वादाचा निकाल माझ्या बाजूने लागला आहे आणि मी घाबरले आहे.

निकाल लागला, कारण समोरची बाजू मांडणारा माणूस उरला नाही. तुम्ही हरला नाहीत, तुम्ही गेलात. या दोन गोष्टींतला फरक आपल्या रक्तपेढीत कुणी मनावर घेतलेला दिसत नाही. तुमच्या फोटोला हार घालून झाल्यावर जी पहिली बैठक झाली, तीत डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसत विचारले, "मग डेटाबेसच्या त्या नव्या आवृत्तीला आता कुणाची हरकत नाही ना?" तुमच्या खुर्चीकडे कुणी पाहिले नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी "नाही" म्हटले. इतक्या सहज मी आजवर काही जिंकले नव्हते.

गेलेल्या माणसाविषयी लिहायचे तर त्याचे गाव, त्याचे शिक्षण, त्याने काय उभे केले ते सांगावे, असे म्हणतात. ते तुमच्या खानदेशी मंडळातले लोक सांगतील. त्यांना तुम्ही माझ्याहून जुने ठाऊक. मला फक्त आपले भांडण पुढे न्यायचे आहे.

वाचणाऱ्याला मात्र भांडण कशावरून होते ते कळले पाहिजे. "व्याख्या आधी, ताव नंतर," असे तुम्हीच मला सुनावत आला आहात. तर व्याख्या. सुरतेतल्या आपल्या रक्तपेढीत थॅलेसेमिया आणि सिकलसेलची मुले येतात. त्यांना ठरावीक काळाने रक्त लागते, तेही ताजे आणि नीट जुळवलेले. कोणती पिशवी कोणत्या गटाची, कोणत्या मुलासाठी, कधीपासून कधीपर्यंत राखून ठेवलेली, याची नोंद एका डेटाबेसमध्ये असते. हा डेटाबेस कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरची माणसे तो मिळून लिहितात, त्याचा स्रोत सर्वांना खुला आहे आणि साधारण दरवर्षी त्याची नवी आवृत्ती येते. आपल्याकडे तो तुम्ही सांभाळत होता. मी सांख्यिकीची पदवी घेऊन तुमच्या हाताखाली आले आणि पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सांगितले की तुमच्या नोंदी चुकीच्या आहेत.

चुकीच्या, कारण एका पिशवीवर एकाच दिवसासाठी दोन मुलांची नावे होती. आणि एकाच पिशवीवर नव्हे, अनेक पिशव्यांवर.

तुम्ही ते लपवले नव्हते. शांतपणे समजावले होते. उधन्याहून येणाऱ्या आईला यंत्रमागावरून सुट्टी मिळाली नाही तर ती येत नाही. बारडोलीची बस वाटेतल्या गर्दीत अडकली की बारडोलीची मुलगी येत नाही. तिच्यासाठी राखलेली पिशवी मग तशीच पडून राहते, शिळी होते आणि या मुलांच्या उपयोगाची उरत नाही. म्हणून काउंटरवरच्या हंसाबेन एक पिशवी दोन मुलांच्या रक्ताशी जुळवून घेत आणि दोघांची नावे चढवत. येईल त्याची पिशवी. यात वैद्यकीय धोका काही नव्हता. धोका एकच होता, दोघेही येण्याचा.

त्या उन्हाळ्यात दोघेही आले. तुम्हाला आठवत असेल, असे लिहून गेले. आता तुम्हाला काय आठवते आणि काय नाही, हे मी कोणत्या आधारावर म्हणावे? मला आठवते. बाकावर उधन्याची आई मुलाचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि दारातून बारडोलीचे वडील मुलीला कडेवर घेऊन आत आले. हंसाबेनने तुमच्याकडे वळून हळू आवाजात म्हटले, "नाना, बेउ आवी गया." डॉक्टरांनी दोघांना तपासले. मुलीचे हिमोग्लोबिन फार खाली होते, पिशवी मुलीला गेली. तुम्ही त्या आईसमोर जाऊन उभे राहिलात.

"माय, आज तुना पोर्‍याले थांबनं पडी."

मुलाला भरवण्यासाठी उघडलेला डबा तिने पुन्हा बंद केला आणि झाकण नीट बसले की नाही ते दोनदा दाबून पाहिले. तुम्ही स्कूटर काढून दुसऱ्या रक्तपेढीत गेलात आणि दुपार कलताना पिशवी घेऊन आलात. सगळे सुरळीत झाले असे सगळ्यांनी म्हटले. मी म्हटले नाही.

"हे डेटाबेसनेच अडवायला हवे," मी म्हटले. "एका पिशवीवर एका काळात एकच नाव. दुसरे चढवायला गेले की त्याने नकार द्यावा."

"अन् पहिलं पोरगं आलंच नाही तर?"

"तर पिशवी वाया जाईल. पण कुणाची फसवणूक होणार नाही."

"फसवणूक?" तुम्ही बशी खाली ठेवली. "हंसाबेन फसवते लोकांना?"

"हंसाबेन नव्हे. नोंद फसवते. त्या आईला वाटते पिशवी आपली आहे. तशी ती नसते."

"ते मशीन शे, पोरी. तेले काय समजस?" रागावलात की तुम्ही अहिराणीवर येत असा. "नाही म्हणणं माणसाचं काम. माणूस नाही म्हणताना समोरच्याचं तोंड बघतो."

"तोंड बघतो, म्हणूनच वेळेवर नाही म्हणत नाही."

हंसाबेनने मध्येच, "बे जणा लडो छो केम? चा ठंडी थई," असे म्हणून दोन्ही कप उचलून नेले, आणि वाद तिथे थांबला. संपला नाही. दोन वर्षे तो तसाच, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात, सर्व्हरच्या खोलीतल्या थंडीत, जिथे सोडला तिथून उचलता येईल असा पडून राहिला. तुम्ही मला "शास्त्रज्ञबाई" म्हणत राहिलात. मी तुमच्या नोंदींना "सुरती थाळी" म्हणत राहिले: सगळे एकमेकांवर ओतलेले. दोघांनाही यात मजा येत होती, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. आता सांगते.

एक गोष्ट न्यायाने नमूद करते. काळ एकमेकांवर चढू न देण्याची सोय जुन्या आवृत्तीतही आडवळणाने करता येत होती, आणि तुम्हाला ती येत होती. तुम्ही ती मुद्दाम केली नाहीत. नव्या आवृत्तीत तेच सरळ मार्गाने होते. नोंदीच्या मुख्य किल्लीतच, म्हणजे नोंद ज्यावरून ओळखली जाते तिथेच, सांगून ठेवायचे की या पिशवीचे दोन राखीव काळ एकमेकांना शिवता कामा नयेत. पुढचे डेटाबेस पाहून घेतो. आडवळण होते तोवर तुम्हाला "कटकट आहे" म्हणून ते टाळता येत होते. आता तुम्हाला खरे कारण सांगावे लागले असते. मी त्या क्षणाची वाट पाहत होते.

तो क्षण जवळजवळ आला होता. नव्या आवृत्तीच्या टिपा तुम्ही कागदावर छापून घेतल्या होत्या, कारण स्क्रीनवर वाचलेले तुमच्या डोक्यात बसत नसे. आपल्या शेवटच्या दुपारी डबा उघडता उघडता तुम्ही म्हणालात, "यातली एक गोष्ट मला पटली. तू म्हणत होतीस ती."

"कोणती?"

"थांब. आधी भरीत खा."

दोन घास झाले नाहीत तोच फ्रीजचा अलार्म वाजला. तुम्ही उठलात, तिथले काम आटोपून छातीत जळजळ होते म्हणत परस्पर घरी गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला.

कोणती, नाना?

मी पद्धतशीर विचार केला. पहिला संशय चेकसमवर. डिस्कवरचे एखादे पान गुपचूप खराब झाले तर वाचताना ते ओळखू यावे म्हणून प्रत्येक पानासोबत एक छोटी पडताळणीची संख्या ठेवतात. पूर्वी ही सोय आपण होऊन मागावी लागे. नव्या आवृत्तीत नवा डेटाबेस उभारला की ती आपसूक चालू असते. पण चूक दिसत नसली तरी तपासत राहावे, हे मी तुमच्याकडूनच शिकले. ती गोष्ट "मी म्हणत होते" अशी नव्हे. वगळली.

दुसरी, ठोकताळ्यांची. डेटाबेस आपल्या माहितीविषयी स्वतःचे अंदाज बांधून असतो: कोणता गट दुर्मीळ, कुठे गर्दी, कोणत्या वाटेने शोधले की लवकर सापडेल. आजवर मोठी आवृत्ती बदलली की हे अंदाज पुसले जात. माहिती शाबूत, पण तिच्यातून वाट कशी काढायची ते विसरलेले. मागच्या खेपेची सकाळ आठवते. साधा शोध रेंगाळत होता, काउंटरवर रांग वाढत होती आणि हंसाबेन स्क्रीनला अशा थापट्या मारत होत्या, जणू तो झोपला आहे. नव्या आवृत्तीत बहुतेक अंदाज सोबत येतात. हे मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही नुसते "हं" म्हटले होते. तुमच्या "हं"चे अर्थ मला पुरते लागत नसत. ही शक्यता राहते.

तिसरी, नोंद बदलताना आधी काय होते आणि आता काय झाले हे दोन्ही एकाच उत्तरात परत मिळण्याची सोय. तिच्याविषयी मी उत्साहाने बोलले होते. तुम्ही "गोंडस आहे" म्हटले होते. तुमच्या तोंडी ही प्रशंसा नव्हती. तरीही राहते.

चौथी, एका पिशवीवर एकच नाव.

मला अर्थातच चौथी हवी आहे. नेमके म्हणूनच मी तिच्यावर विश्वास ठेवू शकत नाही. पुरावा नसताना आपल्याला सोयीचा निष्कर्ष काढायचा नाही, इतके तरी शास्त्राने शिकवले आहे. बैठकीत मी सहज म्हणू शकले असते, "नानांनाही पटले होते." सगळ्यांनी मान्य केले असते. मी म्हटले नाही, पण ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते, आणि तेव्हापासून मला स्वतःचीच भीती वाटते. नियम हंसाबेनला अडवेल. मला आता कोण अडवणार?

बाहेर सांगण्यासारखे काही तरी या कामातून मला हवे होते, हे तुम्ही ओळखून होता. "हे झालं की तू बंगळुरूला उडशील," असे तुम्ही हंसाबेनला माझ्यासमोर सांगत असा, म्हणजे मला ऐकू जावे. अजूनही मला जायचे आहे. पण जाताना मागे काय ठेवून जाईन, हा प्रश्न तेव्हा तुमच्याकडे होता; आता तो माझ्याकडे आला आहे.

दिवाळीत गिरण्या बंद झाल्या, उधना रिकामा झाला, तापीकाठच्या गाड्या भरभरून खानदेशाकडे गेल्या, आणि मी डेटाबेसची एक प्रत काढून तीवर सराव केला. अपग्रेडचे साधन पहिल्याच पायरीवर अडले: जुन्यात चेकसम नाही, नव्यात आहे, आधी तुमचे आपसात ठरवा. मला हसू आले. नंतर रडूही आले, पण ते मी नोंदवत नाही. जुन्यात चेकसम चालू केले, पुढे गेले. बॅकअप मी घेतला. प्रयोगशाळेत एका नमुन्याचा गट दोन जण एकमेकांचे न पाहता ठरवतात, तसे बॅकअप घेणारा आणि तो उघडून पाहणारा माणूस एक नसावा, हा तुमचा दंडक. दुसरा माणूस तुम्ही होता. मी हंसाबेनला बसवले. त्या फ्रीजमधल्या पिशव्यांवरचे क्रमांक वाचत गेल्या, मी त्यांना स्क्रीन दाखवत गेले. "हवे नाना तरीके मने बेसाडी," आता नानांच्या जागी मला बसवलेस, असे त्या म्हणाल्या, आणि पुढचा क्रमांक वाचला.

मग मी नियम लावला. डेटाबेसने नियमच नाकारला. आधीच एकमेकांवर चढलेले काळ आहेत, म्हणाला. ते मोकळे करा, मग या. तो बरोबर होता. त्याने पहिली जोडीही दाखवली: बारडोलीची ती मुलगी आणि उधन्याचा तो मुलगा. पुन्हा एका पिशवीवर.

अशा प्रत्येक जोडीतले एक नाव मला पुसायचे होते. हे करायला आज्ञेची एक ओळ लागते. ती मी लिहायला घेतली. तुम्ही म्हणत होता की नाही म्हणताना समोरच्याचे तोंड बघावे लागते. माझ्यासमोर तोंड नव्हते, नुसते क्रमांक होते, आणि क्रमांक पुसणे फारच सोपे होते. मी ती ओळ तशीच सोडून फोन उचलला. दोन वर्षे आपण दोघे त्या मुलांविषयी भांडलो, आणि त्यांच्या घरच्यांना एकदाही विचारले नाही, हे मला तेव्हा सुचले. तुम्हालाही सुचले नव्हते. एवढे तरी आपण बरोबरीत आहोत.

बारडोलीचे वडील म्हणाले, "एकच नाव ठेवा, ताई. पोरीला बस लागते. ती उलट्या करत येते अन् इथे आल्यावर कळतं की आपला नंबर पक्का नव्हता, असं नको. आमचं नसेल तर नाही म्हणा. घरी असताना म्हणा."

मी जिंकले असे मला एक फोनभर वाटले. मग उधन्याला लावला.

"दोन नावं ऱ्हाऊ द्या ना, ताई," ती आई म्हणाली. मागे कुठे तरी यंत्रमाग चालू होते. सगळेच गावी गेले नव्हते. "मी अंधारामाच निंघसू. पहिली येसू. एकच नाव ठेवशात तर मना पोर्‍यानं ऱ्हाईल का?"

"ते डॉक्टर ठरवतील," मी म्हटले.

"म्हंजे नही ऱ्हाय."

तिने तुमचे म्हणणे मांडले, नाना. तुमच्याहून चांगले मांडले, कारण तिला त्यातून काही तरी हवे होते. दोन घरे, दोन उत्तरे, दोन्ही खरी. माझी सांख्यिकी इथे हात जोडून उभी राहिली.

सगळ्या जोड्यांविषयी डॉक्टरांशी बोलून मी एकेक नाव काढले, आणि ज्याचे काढले त्याच्या घरी त्याच दिवशी फोन करून सांगितले. नवी आवृत्ती चढवली. नियम लावला. या वेळी डेटाबेसने काही म्हटले नाही, मुकाट्याने घेतला. ठोकताळे खरेच सोबत आले. दुसऱ्या दिवशी काउंटर कुठेही रेंगाळला नाही, आणि त्याचे श्रेय मला मिळाले. लोक अभिनंदन करत होते आणि मी प्रत्येक वेळी दाराकडे पाहत होते, कारण तुम्ही आत येऊन "अजून काही मोडलं नाही म्हणजे बरोबर झालं असं नाही, शास्त्रज्ञबाई," असे म्हणायला हवे होते. ते कुणी म्हटले नाही. गेला आठवडाभर मी रक्तपेढीत पाऊल ठेवताना आधी आवाज ऐकते: कुणी भांडते आहे का, कुणी रडते आहे का.

आज सकाळी हंसाबेनने मला हाक मारली. "बेन, आ तो ना पाडे छे!"

त्यांनी सवयीने दुसरे नाव चढवले होते. मंगळवारची पिशवी, बारडोलीच्या मुलीच्या नावावर. खाली उधन्याचा मुलगा. डेटाबेसने नकार दिला होता. दोन वर्षे मी ज्यासाठी भांडले ते लाल अक्षरांत समोर होते, आणि हंसाबेन माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "नाना होत तो कंईक करत."

"हो," मी म्हटले. "केले असते."

तुम्ही नियम उठवला असता. तेही एका ओळीचे काम आहे. ती ओळ मला येते. मी ती लिहिलीसुद्धा. मग थांबले. उठवला, तर मंगळवारी एक उघडलेला डबा पुन्हा तसाच बंद होण्याची शक्यता. ठेवला, आणि बारडोलीची बस आलीच नाही, तर ताजी पिशवी फ्रीजमध्ये आणि उधन्याचे पोर घरी, आणि हे घडवणारी मी. दोन्हींची संभाव्यता मी मांडू शकते. दोन्हींपैकी कोणती मला सोसेल, ते मांडता येत नाही. तुम्ही समोर असता तर मी तावातावाने एक बाजू घेतली असती आणि दुसरी तुमच्यावर सोपवून शांत झोपले असते. तुमच्याशी भांडण्याचा हा केवढा आधार होता, हे मला आता कळते आहे, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले.

मी नियम ठेवला. लिहिलेली ओळ पुसली. मग उधन्याला फोन केला.

"मंगळवारची पिशवी तुमच्या मुलाच्या नावावर नाही," मी सांगितले. आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

यंत्रमागाच्या आवाजात तिने मोठ्याने विचारले,

"मंग कव्हय येऊ?"

याचे उत्तर नव्या आवृत्तीच्या टिपांत नाही. तुमच्या पद्धतीतही नव्हते. मी म्हटले, "मंगळवारीच या." हे मी कोणत्या आधारावर म्हटले ते मला ठाऊक नाही. पिशवी नसताना दिलेला हा शब्द आहे, आणि असा शब्द देणाऱ्या माणसाला दोन वर्षे मी बेजबाबदार म्हणत होते.

त्या मुलाच्या गटाचे दाते थोडे आहेत. मी एकेकाला फोन लावते आहे. पहिला अमळनेरला गेला आहे, लग्न आटोपून येणार. दुसऱ्याला ताप. तिसऱ्याने उचलला नाही. दोन रक्तपेढ्यांत निरोप ठेवला आहे. सुट्ट्यांत सगळीकडेच फ्रीज रिकामे. हंसाबेन समोर बसून स्वतःच्या फोनवरून आपल्या सोसायटीतल्या बायकांना विचारत आहेत. मी भ्याले आहे, नाना, आणि ही भीती वाटून घ्यायला कुणी नाही.

मंगळवारी ती मुलाला घेऊन येईल. पिशवी अजून मिळालेली नाही. जुन्या रीतीने पिशवी नाही हे मला मंगळवारी कळले असते, ती आई बाकावर बसलेली असताना. आज रविवार आहे. माझ्याकडे सोमवार आहे.